जपानचे जावई

जपानमध्ये राहायला गेलेल्या परदेशी माणसाचं पहिलं वर्ष फार सुखाचं जातं. त्याने नुसतं 'कोन्निचिवा' म्हटलं तरी समोरचा माणूस डोळे विस्फारून म्हणतो, "अरे वा, तुमचं जपानी किती छान आहे!" त्याने दोन काड्यांत भाताचा घास धरून तो तोंडापर्यंत सुखरूप नेला, की शेजारच्या टेबलावरची बाई मान डोलावते, "काड्या काय सुरेख धरता हो!" ज्याला शाळेत भाषेच्या पेपरात काठावरच्या गुणांपलीकडे कधी काही मिळालं नाही, आणि ज्याच्या जेवण्याचं कौतुक त्याच्या आईनेही दोन वर्षांचा झाल्यावर थांबवलं, असा माणूस मग साहजिकच फुलून येतो. रात्री घरी फोन करून सांगतो, "इथली माणसं फार गुणग्राहक आहेत."

दुसऱ्या वर्षी कौतुक होतं. पाचव्या वर्षीही होतं. मग पंधरावं वर्ष उजाडतं. एव्हाना तो जपानीत करारनामे वाचतो, त्याची मुलं जपानी शाळेत जातात, त्याला स्वप्नंसुद्धा जपानीतच पडतात. अशा वेळी एखादा टॅक्सीवाला आरशातून बघत अगदी मायेने विचारतो, "काड्यांनी जेवता येतं का हो तुम्हाला?" तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकते.

ही अवस्था मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे ती जावयाची असते. जावई आला की ताटाभोवती रांगोळी. त्याने साधा विनोद केला तरी सासरे पोट धरून हसतात. तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळला की चार बायका एकदम म्हणतात, "अहो, तुम्ही कशाला उठलात!" या वाक्यात आदर आहे, आणि स्वयंपाकघराचं दार बंद झाल्याचा आवाजही आहे. घरात कोणाचं कोणाशी पटत नाही, जमिनीचा दावा कुठवर आला, यातलं काहीही त्याला कळू देत नाहीत. वीस वर्षं जाऊन-येऊन असलेला जावई सासरी श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत असतो आणि बाकीचं घर आत हळू आवाजात बोलत असतं. जपानमधला परदेशी माणूस हा असा जन्माचा जावई.

मान एवढा, खोली मात्र मिळेलच असं नाही. टोकियोत घर भाड्याने घ्यायला निघालं की सासरचा उंबरठा नीट दिसतो. दलाल हसतमुख असतो. चहा देतो, घरांचे नकाशे मांडतो, मालकाला फोन लावतो, फोनवरच्या माणसालाही कमरेत वाकून नमस्कार करतो. मग फोन ठेवतो, दातांमधून 'स्स' असा श्वास ओढतो आणि म्हणतो की हे घर जरा कठीण दिसतंय. २०१७ साली जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी केली. घर शोधलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी सांगितलं की केवळ परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. होकार मिळालाच तर अनामत वेगळी आणि 'रेइकिन' वेगळं. रेइकिन म्हणजे मालकाने आपल्याला घर दिलं याबद्दल त्याला अर्पण करायची कृतज्ञता. ती एकदोन महिन्यांच्या भाड्याएवढी असते आणि परत मिळत नाही. या सासरी हुंडा जावई देतो.

वर जामीनदार लागतो. काल विमानातून उतरलेल्या माणसाने जपानी जामीनदार कुठून आणायचा? २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेल्या भारतीय अभियंत्यांनी यावर उपाय शोधला तो टोकियोच्या पूर्वेला, निशि-कासाईत. तिथे सार्वजनिक गृहसंस्थेच्या मोठमोठ्या इमारती होत्या. जामीनदार नको, रेइकिन नको, राष्ट्रीयत्वाची चौकशी नको. शिवाय तोझाई मार्गाची गाडी थेट बँका आणि कचेऱ्यांच्या भागात सोडते. आज जपानमध्ये ५०,०००हून अधिक भारतीय राहतात आणि निशि-कासाई ज्यात येतं तो एदोगावा वॉर्ड त्यांचं सर्वांत मोठं ठाणं आहे. तिथे आता तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, भारतीय शाळा आहे. लोकांना वाटतं भारतीय माणसं डाळ-मसाल्यांच्या वासाने एकत्र आली. खरं म्हणजे ती जामीनदार न मिळाल्यामुळे एकत्र आली. डाळ मागून आली.

कचेरीत तर सासरचे सगळे संकेत पहिल्या दिवसापासून लागू. साहेब बैठकीत तुमची योजना शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "हं... जरा अवघड आहे. विचार करू या." आपला माणूस 'अवघड' म्हणजे 'अशक्य नाही' या परंपरेत वाढलेला. तो रात्रभर जागून योजना सोपी करून आणतो. साहेब पुन्हा म्हणतात, "अवघड आहे." हा नकार होता आणि तो पहिल्याच वेळी दिला गेला होता, हे त्याला शेजारचा सहकारी तिसऱ्या आठवड्यात, कचेरीबाहेर, बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर सांगतो. संध्याकाळी उठताना "आधी निघतोय, माफ करा" असं म्हणून निघायचं, मग घड्याळात नऊ का वाजले असेनात. सुट्टीवर जाऊन आलं की अख्ख्या विभागासाठी, एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेल्या मिठाईचा डबा आणायचा. आपण मजा केली तेव्हा इतरांनी आपलं काम सांभाळलं, त्याची ही भरपाई. गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर रेल्वेचा माणूस उशिराचं प्रमाणपत्र देतो, ते साहेबांना दाखवायचं. डोंबिवलीहून गेलेला माणूस हे प्रमाणपत्र साहेबांना देत नाही, जपून ठेवतो. गावी गेल्यावर दाखवलं नाही तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

शाकाहारी जावयाचे हाल तर विचारू नयेत. "यात मांस नाही ना?" "छे छे, अजिबात नाही." आणि सॅलडवर बेकनचे तुकडे. ते काय मांस आहे? ती तर सजावट! वरवर निष्पाप दिसणाऱ्या टोफूच्या आमटीत सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं, वांग्याच्या भाजीतही तेच. वाढणारी बाई मनापासून वाढत असते. तिच्या हिशेबी मासा हा पदार्थ नसून चव आहे.

हे सगळं आजचं. पण जपानच्या इतिहासात काही परदेशी माणसं खरोखरचे जावई झाली, आणि त्यांच्या कथा या घराबद्दल बरंच सांगून जातात. जपानमध्ये घरजावयाची रीत जुनी आणि प्रतिष्ठेची आहे. मुलगा नसला, किंवा असून नालायक निघाला, तर जावयाला दत्तक घेतात. तो बायकोच्या घराण्याचं नाव लावतो, पेढी चालवतो, पूर्वजांची पूजाही करतो. लाफ्काडिओ हर्न याच दाराने आत गेला. ग्रीक बेटावर जन्मलेला, आयरिश बापाचा, अमेरिकेत वार्ताहर म्हणून काम केलेला हा माणूस १८९० साली जपानला आला आणि मात्सुए गावात इंग्रजी शिकवू लागला. तिथे सेत्सु कोइझुमीशी त्याचं लग्न झालं. ती हलाखीत गेलेल्या सामुराई घराण्यातली. १८९६ साली तो तिच्या घराण्यात दाखल झाला, जपानी नागरिक झाला आणि कोइझुमी याकुमो हे नाव त्याने घेतलं.

गंमत अशी की हर्नला जपानी वाचायला जेमतेमच येत होतं. नवराबायको एक मोडकीतोडकी जपानी बोलत. विभक्तिप्रत्यय नाहीत, क्रियापदांची रूपं चालवायची नाहीत. तिला घरात 'हर्न-सानची भाषा' म्हणत. सेत्सु त्याला भुतांच्या गोष्टी सांगे आणि तो बजावत असे की पुस्तक समोर धरायचं नाही, तुझ्या तोंडून आणि तुझ्या शब्दांत सांग. त्यातून १९०४ साली 'क्वाइदान' हे पुस्तक झालं, आणि त्याच वर्षी तो वारला. आज जपानी शाळकरी मुलं आपल्याच भुतांच्या गोष्टी या परदेशी जावयाच्या पुस्तकातून, जपानीत भाषांतर झालेल्या, वाचतात. पण त्याआधी १९०३ साली टोकियोच्या विद्यापीठातली त्याची नोकरी गेली होती. त्याच्या जागी आले नात्सुमे सोसेकी, जे पुढे जपानचे थोर कादंबरीकार झाले. ते नुकतेच लंडनमध्ये दोन वर्षं परदेशी म्हणून राहून, अतिशय दुःखी होऊन परतले होते. एका परक्याची खुर्ची दुसऱ्या ताज्या परक्याला मिळाली. विद्यार्थ्यांना मात्र सुरुवातीला जुनेच मास्तर बरे वाटत होते.

दुसरे जावई आपले रासबिहारी बोस. १९१५ साली इंग्रजांचा ससेमिरा चुकवून ते जपानला पोचले. इंग्रजांनी त्यांना परत मागितलं आणि जपान सरकारने देश सोडायला फर्मावलं. तेव्हा शिंजुकूमधल्या 'नाकामुराया' बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना आपल्या मागच्या घरात लपवलं. १९१८ साली त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोस यांचं लग्न झालं. १९२३ साली ते जपानी नागरिक झाले; दोनच वर्षांनी तोशिको गेली. जपानी लोक तेव्हा इंग्रजांकडून शिकलेली, मैदा घालून दाट केलेली करी खात होते. आपल्या मुलखाच्या नावावर इंग्रजांनी खपवलेला तो लगदा बोस यांना सहन होणं शक्यच नव्हतं. १९२७ साली नाकामुरायाने उपाहारगृह काढलं तेव्हा बोसांच्या आग्रहाखातर कोंबडीची अस्सल भारतीय करी सुरू झाली. ती आजही तिथे मिळते. सरकारने हाकललेल्या क्रांतिकारकाला या घराने थेट स्वयंपाकघरात नेलं. असं भाग्य फार थोड्या जावयांच्या वाट्याला आलं.

माणसांचं सोडा, देवांनाही इथे सासरच्या रीतीने राहावं लागतं. जपानमध्ये भाग्य देणारे देव सात. खजिन्याच्या नावेत बसून ते नववर्षाला येतात. या सातांत अस्सल जपानी एकच, एबिसु. तीन चीनकडून आले आणि तीन मूळ आपल्याकडचे. आपली सरस्वती तिथे बेंझाइतेन झाली. वीणा ठेवून तिने बिवा हे तिथलं तंतुवाद्य हाती घेतलं. आपला महाकाल दाइकोकुतेन झाला. उग्र रूप टाकून तांदळाच्या पोत्यांवर हसत उभा राहिला. कुबेर चिलखत चढवून बिशामोनतेन झाला. गणपतीही गेला. त्याचं नाव कांगितेन, आणि त्याची मूर्ती बहुधा बंद दाराआड असते. टोकियोच्या आसाकुसाजवळ मात्सुचियामाच्या देवळात त्याला नैवेद्य असतो मुळ्याचा. पांढरा, लांब, जपानी मुळा! मोदकांवर वाढलेल्या देवाने मुळा गोड मानून घेतला, यावरून परदेशात राहायचं म्हणजे काय याचा अंदाज करावा. सुदैवाने क्योटोत त्याच्यासाठी एक तळणीची पुरचुंडीसारखी मिठाईही करतात. ती पाहून कोणाही मराठी माणसाला तळणीचा मोदक आठवेल.

आणि या देवांच्या मागोमाग माणूसही गेला होताच. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे ७३६ साली जपानला पोचला. ७५२ साली नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखायचा कुंचला त्याच्या हातात होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, पुण्य सगळ्यांना मिळावं म्हणून. आज जपानी कचेरीत काम करणाऱ्या भारतीयाला हे चित्र ओळखीचं वाटेल. रेघ एक, ती ओढणारा परदेशी, आणि दोरी सगळ्या विभागाच्या हातात.

घरचं होण्याची सर्वांत कठीण परीक्षा सुमोच्या आखाड्यात होते. १९९३ साली हवाईचा आकेबोनो पहिला परदेशी योकोझुना, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मल्ल, झाला आणि मग मंगोलियाची मुलं आली. १९९८ नंतर थेट २०१७पर्यंत जपानमध्ये जन्मलेला एकही मल्ल योकोझुना झाला नाही. मंगोलियाच्या हाकुहोने तर ४५ स्पर्धा जिंकल्या, हा विक्रम. निवृत्तीनंतर सुमो संघात गुरू म्हणून राहायचं तर जपानी नागरिकत्व लागतं, म्हणून २०१९ साली त्याने तेही घेतलं. पण एका तालमीत एकच परदेशी मल्ल हा जो नियम आहे, त्यात २०१०पासून नागरिकत्व न बघता जन्म कुठला ते बघतात. नागरिक झालात, आनंद आहे. पण मोजताना परदेशीच मोजू.

इथवर मानाचे जावई झाले. ज्यांच्या वाट्याला कौतुकही येत नाही, त्यांची पंगत वेगळी. २०२४ अखेर जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी होते, लोकसंख्येच्या तीन टक्के. रात्री दोन वाजता दुकानाच्या गल्ल्यावर उभा असलेला मुलगा नेपाळी असतो, कोबीच्या शेतात वाकलेला व्हिएतनामी असतो. १९९३ साली सुरू झालेली प्रशिक्षणार्थी योजना कागदावर कौशल्य शिकवून माणसं परत पाठवण्यासाठी होती. प्रत्यक्षात शिवणाचे कारखाने, बांधकामं, ऑयस्टर सोलण्याच्या शेडी त्यावर चालल्या. मालक बदलायची सोय नाही, बायकामुलांना आणायची परवानगी नाही. आता २०२७पासून तिच्या जागी नवी व्यवस्था यायची आहे. १९९०च्या कायद्याने ब्राझीलहून जपानी वंशाच्या लोकांना बोलावलं. २००९च्या मंदीत त्यांना तीन लाख येन देऊन परत पाठवलं, पुन्हा त्याच व्हिसावर यायचं नाही या अटीवर. ते तर नात्यातले होते. रक्ताच्या नात्याची ही कथा, तर जावयाने किती अपेक्षा ठेवावी?

तरीही माणूस घरचा होतो. कसा, ते मला टोकियोत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीकडून कळलं. एके दिवशी तिचा फोन आला.

"मामा, आज शेजारच्या आजी मला फाडफाड बोलल्या!"

"काय केलंस?"

"प्लास्टिकच्या दिवशी जळणारा कचरा ठेवला."

तिच्या आवाजातला आनंद मला कळेना. मग तिने सांगितलं. तिथे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिक एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. बाटलीचं झाकण वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली विसळून चेपून वेगळी. जुनी खुर्ची टाकायची तर फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून पैसे देऊन स्टिकर आणायचा आणि तो लावून खुर्ची बाहेर ठेवायची. सकाळी आठच्या आत पिशव्या ठेवून वर कावळ्यांसाठी जाळी पसरायची. आपल्याकडे कावळ्याला पान वाढतात, तिथे जाळी वाढतात. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु गावात तर कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार करतात. चुकलं की पिशवी तिथेच राहते, तिच्यावर सूचनेची चिठ्ठी डकवलेली असते. पण समोर कोणी काही बोलत नाही. गेली कित्येक वर्षं भाचीच्या चुका त्या आजी गुपचूप, न बोलता निस्तरत होत्या. "परदेशी आहे बिचारी" म्हणून. आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा रागावल्या. वर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात जाळी धुवायची पाळी तुझी.

मला एकदम पटलं. जावयाला कोणी रागावत नाही. रागावतात ते घरच्यांना. २०२४च्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला तेव्हा टीव्हीवरची निवेदिका एरवीचं मार्दव सोडून अक्षरशः ओरडत होती, आणि पडद्यावर लहान मुलालाही वाचता येईल अशा सोप्या अक्षरांत लिहिलं होतं की त्सुनामी येतेय, पळा. परदेशी लोकांसाठी अशी सोपी जपानी वापरायची, हे १९९५च्या कोबे भूकंपानंतर ठरत गेलं; त्या वेळी अनेक परदेशी लोकांना सूचनाच कळल्या नव्हत्या. जीव वाचवायची वेळ आली की आदरार्थी क्रियापदं गळून पडतात आणि सगळ्यांना एकच आज्ञा मिळते. तेवढा वेळ तरी जपानमध्ये जावई नसतो.

एदोगावा वॉर्डाने तर आणखी पुढची पायरी गाठली. एप्रिल २०१९मध्ये तिथल्या मतदारांनी योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला वॉर्डसभेवर निवडून दिलं. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. नगरसेवकाचं जपानी किती छान आहे, असं कोणी म्हणत नसतं. नगरसेवकाला लोक फक्त तक्रारी सांगतात.

तेव्हा जपानला निघालेल्या तरुण मंडळींना माझं सांगणं एवढंच. काड्यांचं कौतुक झालं तर हसून आभार माना, पण त्याला प्रगती समजू नका. शेजाऱ्यांनी तोंडावर कचऱ्याची तक्रार केली, मोहल्ल्याच्या सभेत तुमच्या गळ्यात जाळी धुण्याचं काम पडलं, साहेबांनी 'अवघड आहे'ऐवजी सरळ 'नाही' म्हटलं, की मात्र पेढे वाटा. सगळ्या विभागाला पुरतील एवढे, आणि एकेक वेगळा गुंडाळलेला.